खिडकीची जागा

दोन महिने राहनाळच्या त्या गोडाऊनमध्ये चंपाशी कुणी धड बोललं नव्हतं. ती डबा उघडून बसली की बाकीच्या बाया पाठ फिरवायच्या. गुन्हा काय, तर तिथंच पॅकिंगला असलेल्या तिच्या नणंदेचा, चंद्राचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला, तीन बोटं गेली, आणि चंपा सगळ्यांसमोर म्हणाली, "पट्ट्यावरचं झाकण राकेशनं काढून ठेवलं व्हतं, काम लवकर उरकावं म्हणून. मी बघितलंय. साहेब आले की सांगणार म्हंजे सांगणार." राकेश म्हणजे सुपरवायझर. झाकण काढताना चारजणींनी बघितलं होतं, तोंड उघडलं ते हिनं एकटीनं.

राकेशचं म्हणणं, चंद्रा मोबाइल बघत होती, चूक तिचीच. तपासणीचे सरकारी साहेब न सांगता कधीही येतील, एवढं कळलं होतं. म्हणून चंपानं दोन महिन्यांत एक खाडा केला नाही. अंगात ताप घेऊनही ड्युटीला गेली बिचारी.

आणि एक दिवस राकेशनं जाहीर केलं, "गुरुवारी गोडाऊन बंद. सगळ्या लेडीजना मुंबई दर्शन, जेवणासकट!"

चंपा आधी नाहीच म्हणाली. मग विचार केला, गोडाऊनच बंद तर साहेब काय कुलूप बघायला येणार? वर दिपाली, तिची जुनी जोडीदारीण, स्वतः घरी आली. "चल ना गं. किती दिस रुसून बसशील?" म्हणजे बघा, रुसल्या त्या आणि समजूत हिची! पण माणसाला बोलायला माणूस लागतं हो. चंपाला रडूच फुटलं.

बसमध्ये तिला खिडकीची जागा दिली. गाणी म्हटली, तिला मधे ओढून नाचवलं. राणीच्या बागेत पेंग्विन बघून चंपानं टाळ्या पिटल्या. दिपाली म्हणाली, "तुझ्या मोबाइलात फोटो झकास येतात, आण इकडं." तेव्हापासून मोबाइल तिच्याकडेच. म्हातारीच्या बुटापाशी तो दोनदा वाजला.

"कुणाचा गं?"

"रिचार्जवाले. कापला मी. आवाजच बंद करते."

गेटवेला सगळ्या ओरडल्या, "हात वर कर, चंपे!" तिनं दोन्ही हात वर केले, बोटं फाकवली आणि खदखदून हसली. दिपालीनं फोटो काढला आणि लगेच कुणाला तरी पाठवला. चौपाटीवर जी ती आपल्यातली भेळ तिच्या पानात घालत होती. आग लागो त्या भेळेला! चंपा मनात म्हणत होती, किती चांगल्या हायत या, मीच डोक्यात राख घालून बसले.

परतताना घराजवळचं काल्हेर आल्यावर दिपालीनं मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. सतरा मिस्ड कॉल. सगळे चंद्राचे.

चंपा पुढची सीट धरून वाकली. "दिपाली, आज साहेब आलते काय?"

दिपालीनं मागं बघितलं नाही. "आलते."

"तुला म्हाईत व्हतं?"

"राकेशला आधीच खबर लागली व्हती. सगळ्यांनाच म्हाईत व्हतं. आमाला पन पोरं हायत, चंपा. काम सुटलं तर खायाचं काय?"

सकाळी नाचणाऱ्या तीस बाया आता वाकून चपला शोधत होत्या.

घरी चंद्रा दारातच बसली होती. "वहिनी, साहेबांनी मला दुपारी बोलावून घेतलं. पट्ट्यावर नवंकोरं झाकण बसवलेलं. तुझ्यासाठी दोन तास थांबले गं ते. मी फोनवर फोन लावत व्हते."

"मग?"

"राकेशनं मोबाइलवर तुझा फोटो दाखवला. म्हनला, ही बघा साक्षीदार, मजा मारतेय. साहेबांनी लिवून टाकलं, साक्षीदार न्हाय, चूक कामगाराची." तिनं फडक्यात गुंडाळलेला हात मांडीवर घेतला. "दोन्ही हात वर केलेस, वहिनी. चांगला आलाय फोटो."

चंपानं पाया पडून सांगितलं, शपथा घेतल्या. चंद्रा ऐकून घेत होती. जेवायला बसल्यावर तिनं डाव्या हातानं आपलं ताट ओढलं आणि चंपाकडं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी दिपालीनं हाक मारली, "ये, इकडं बस." बायांनी हसून, सरकून जागा केली. आता तिला भ्यायचं कारणच कुणाला उरलं नव्हतं.

चंपा थोडा वेळ उभी राहिली. मग डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसली.