मीराबाईंचा फुल हाउस

चौबे कॉलोनीतल्या आमच्या मराठी मंडळात महिन्याच्या शेवटच्या रविवारी तंबोला असतो आणि आकडे काढतो मंडळाचा कॉम्प्युटर. टीव्हीला जोडायचा, तीस वर्षांपूर्वीचा. तो सांभाळायचं काम माझ्या नवऱ्याकडे, प्रतापकडे. ऑफिसात त्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, पण मंडळात तो ‘कॉम्प्युटरवाले भैया’ आहे. यंत्र तो तलम कपड्याने पुसतो. मी ताप येऊन पडले तेव्हा माझं कपाळ काही इतकं हलक्या हाताने पुसलं नव्हतं.

त्यावर तंबोल्याबरोबर जाहिरातदारांचे फोटोही फिरत. जुन्या यंत्रात सगळे प्रोग्राम एकाच दिवाणखान्यात राहतात. फोटोवाला प्रोग्राम हातपाय पसरत तंबोल्याच्या जागेत घुसायचा आणि ऐन रंगात सगळंच अटकायचं. शेवटी अध्यक्ष गुलाबराव कडाडले. अजून एकदा अटकलं तर डबडं भनपुरीच्या भंगारात जाईल, आणि तंबोला मोबाइलवर.

प्रतापला घास गोड लागेना. मग त्याने कुठूनसं एक कार्ड मागवून बसवलं आणि मेमरी प्रोटेक्शन सुरू केलं. म्हणजे काय, हे मला जेवताना सात वेळा ऐकावं लागलं. आता प्रत्येक प्रोग्रामला आपली खोली आणि दाराला कुलूप. कुणी दुसऱ्याच्या खोलीत डोकावलं तर त्याच्या हातावर शून्य ठेवायचं. यंत्र जरा मंदावलं, दोन आकड्यांच्या मध्ये चहाचा घोट घेता येऊ लागला. पण अटकलं नाही. फुल हाउस मीराबाईंना लागला. त्या गुलाबरावांच्या पत्नी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या महिन्यात फुल हाउस पुन्हा मीराबाईंना लागला. टाळ्या वाजल्या, पण पोळीला तूप लावताना हात आखडतो तशा.

आमच्या मंडळाची एक खोड सांगायला हवी. तंबोल्याची तिकिटं पुठ्ठ्याची, कायमची. प्रत्येक घराचं तिकीट ठरलेलं, मागे आडनाव, आणि आकडे झाकायला हरभऱ्याचे दाणे. तिकीट बदललं की नशीब जातं म्हणे, म्हणून सासूचं तिकीट सुनेकडे येतं. दागिने एक वेळ येणार नाहीत.

घरी येऊन प्रतापने यंत्र दोनदा चालवून पाहिलं. दोन्ही वेळा तेच आकडे, त्याच क्रमाने आले. मग त्याला उलगडा झाला. तंबोल्याचा प्रोग्राम लिहिणारा भामटा होता. आकडे पिसण्यासाठी त्याचा प्रोग्राम शेजारच्या खोल्यांत डोकावून हाती लागेल तो कचरा उचलायचा. कचरा दर वेळी वेगळा, म्हणून आकडेही वेगळे. आता डोकावलं की शून्य. दर वेळी शून्य, म्हणून दर वेळी तोच डाव. दुसरीकडून कचरा आणायची सोय प्रोग्राममध्ये नव्हती आणि तो उघडून दुरुस्त करणं प्रतापला जमेना.

तो गुलाबरावांकडे गेला, मी सोबत होते. कुलपं काढली तर यंत्र अटकेल पण डाव खरा होईल. ठेवली तर अटकणार नाही, पण डाव ठरलेला, असं त्याने स्वच्छ सांगितलं. हा माणूस खरं बोलतो म्हणूनच मी त्याची बाकीची खुळं सहन करते.

गुलाबरावांनी मिशी कुरवाळली.

“म्हणजे येत्या महिन्यातही मीराच?”

“हव, भाऊ.”

“मंग काहून हात लावून राहिला त्याले? अटकून तर नाही राहिलं. आणि अटकलं तर भनपुरी, हे ठरलंच आहे.”

परतताना मी प्रतापला विचारलं, आता काय करणार? तर म्हणाला, बघू.

पुढच्या तंबोल्याच्या रविवारी गुलाबरावांनी यंत्राला शाल पांघरली, प्रतापला नारळ दिला. मी मीराबाईंच्या शेजारीच बसले होते. कुलपं काढली असतील, अशी मला आशा होती. पहिले पाच आकडे आले आणि आशा संपली. तेच आकडे, तोच क्रम. माझ्या नवऱ्याची मला लाज वाटली.

शेवटी मीराबाईंच्या तिकिटावर एकच घर उरलं, अडुसष्ट. यंत्र नेहमीसारखं रेंगाळलं, पडदा कोरा. मीराबाईंनी शांतपणे दाणा उचलला आणि अडुसष्टवर ठेवला.

प्रतापने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पडदा उजळला आणि त्याने आकडा पुकारला, अडुसष्ट.