डाव्या हाताची भिंगरी

सोलापुरात विजापूर वेशीजवळच्या गल्लीत झीनत मुजावरचं घर कोणतं, असं विचारलं तर कोपऱ्यावरचा पानवाला हातातलं पान न सोडता सांगतो, "ज्या खिडकीत लोकरीची सूर्यफुलं लटकतायत ना, ते." सकाळी नवरा खालिद टेम्पो घेऊन एमआयडीसीकडे गेला, मुलगी शाळेत गेली, की झीनत त्याच खिडकीखाली गादीवर बसायची. मांडीवर लोकरीचा गुंडा, हातात क्रोशाची सुई.

साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके ती उर्दू शाळेत हस्तकलेच्या तासाला शिकली होती. पुढे लग्न झालं, सुई कुठंतरी डब्यात पडून राहिली. मुलीच्या वेळी हौसेनं एक टोपडं केलं, ते शेजारणीनं बघितलं, तिनं आपल्या भाचीसाठी मागितलं, आणि तिथून जे सुरू झालं ते चौदा वर्षं थांबलं नाही. बाळांची टोपडी, दाराची तोरणं, मोबाईलची पाकिटं, किल्ल्यांना अडकवायची फुलं. मोबाईलवर स्टेटस टाकायची आणि बचत गटाच्या प्रदर्शनात वर्षातून दोनदा टेबल लावायची.

प्रदर्शनात हमखास एखादी बाई तोरण उलटंपालटं करून विचारायची, "हे मशीनवर होत नाही का?" यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या गावात हा प्रश्न येणारच. झीनत हसून म्हणायची, "क्रोशाचं मशीनच निघालं नाही अजून, मावशी. सगळं या पाच बोटांचं आहे."

या पाच बोटांवर तिचा फार भरवसा होता. नवीन नमुना बघितला की वाचत बसावं लागायचं नाही, बोटंच वाट काढायची. म्हणूनच दिवाळीच्या तीन आठवडे आधी अंकिता बिराजदार तिच्या दारात आली, तेव्हा झीनतला ते काम म्हणजे दोन दिवसांचा खेळ वाटला.

अंकिता जुळे सोलापुरात राहणारी, एका औषधांच्या दुकानात कामाला. तिनं पिशवीतून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि हळूच उलगडलं. पांढऱ्या बारीक दोऱ्याचा गोल रुमाल होता, साधारण ताटाएवढा. मधून बारा पाकळ्या निघालेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेला झुकलेल्या, वाऱ्यात फिरणाऱ्या भिंगरीसारख्या. कडेला दोरा लोंबत होता. अर्धाच राहिलेला.

"आमच्या अव्वानं केलंय," अंकिता म्हणाली. "म्हणजे आजीनं. माझं लग्न ठरलं तेव्हा रुखवतात मांडायला म्हणून घेतलं होतं. टीपॉयभर करायचं होतं. श्रावणात तिला अर्धांगवायूचा झटका आला. आता चालते, बोलते, पण हे काही ती करायची नाही. तुम्ही पुरं कराल का ताई? डिसेंबरात लग्न आहे."

झीनतनं रुमाल उजेडात धरला. खांबाला खांब लागून बसलेला, कुठं ढिलाई नाही, कुठं ओढ नाही. "हात फार छान आहे आजींचा," ती म्हणाली. "करते की. त्यांना विचारलंत ना?"

अंकितानं खाली बघितलं. "नाही. विषय काढला की चिडते. पेटीत घालून कुलूप लावलं होतं तिनं. मी न सांगता आणलंय."

दुसऱ्या दिवशी झीनतनं तसाच दोरा आणला आणि सुई घातली. एक फेर झाला, दुसरा झाला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. भिंगरी एका बाजूला फिरत आली होती, तिच्या फेरांपासून पाकळ्या दुसऱ्या बाजूला वळायला लागल्या होत्या. तिनं उसवलं. रुमाल उलटा करून पुन्हा घातलं. आता पाकळ्या बरोबर वळल्या, पण वरच्या बाजूला खांबांची पाठ दिसायला लागली, जणू कुणी सदरा उलटा घातलाय. तिनं तेही उसवलं. दुपारचा चहा निवून गेला. बोटांनी वाट काढली नाही, असं चौदा वर्षांत पहिल्यांदा होत होतं.

मग तिनं रुमाल मांडीवर ठेवला, सुई सोडून दिली आणि नुसता एकेक खांब बघत बसली. दोरा कुठून आत गेलाय, कुठून बाहेर आलाय. बघता बघता तिनं नकळत सुई डाव्या हातात धरली, हवेतच एक वळसा दिला, आणि थबकली.

"या अल्ला," ती स्वतःशीच म्हणाली. "डाव्या हातानं केलंय हे."

तिनं लगेच अंकिताला फोन लावला. "आजी डावऱ्या आहेत का हो?"

"अव्वा? नाही," अंकिता म्हणाली. "उजव्या हातानंच जेवते. उजव्या हातानंच सगळं..." बोलता बोलता तिचा आवाज थांबला. "थांबा. विणताना... ती दुपारी मागच्या खोलीत बसायची. मी बघायचे की तिला. पण कुठल्या हातानं, ते कधी..." मग अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "ताई, झटक्यानं तिचा डावा हात गेलाय. आम्ही सगळे तिला म्हणत होतो, डावाच गेला ते बरं झालं, जेवणाचा हात वाचला. बघायला येणारा प्रत्येक माणूस तेच म्हणायचा. मी पण म्हटलं."

"तुम्हाला तरी कुठं माहीत होतं," झीनत म्हणाली.

रुमाल तसाच परत द्यायचा, असं एकदा तिच्या मनात आलं. पण तो पुन्हा पेटीत बंद व्हावा असंही वाटेना. पुढचे चार दिवस हातातल्या ऑर्डरी संपवून ती डाव्या हातानं घालायचा प्रयत्न करत राहिली. सुई निसटायची, दोरा करंगळीवरून सुटायचा. उजव्या हाताला जे पाच मिनिटांचं काम, त्याला तास जायचा. खालिद जेवायला आला तेव्हा ती जीभ दातांत धरून बसली होती.

"ये क्या नवा चालू करी तू?" त्यानं विचारलं.

"सीख रई हूँ," ती मान वर न करता म्हणाली.

रविवारी एक फेर पुरा झाला. दिशा बरोबर होती, बाजू बरोबर होती, पण फेर असा सैल, की जुन्या विणीशेजारी तो पहिलीतल्या पोरीच्या अक्षरासारखा दिसत होता. झीनतनं अंकिताला कळवलं, "मला आजींना भेटायचंय. लपवून हे होणार नाही."

चंद्रव्वा बिराजदार पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, कपाळावर विभूतीची बोटं, डावा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. अक्कलकोटजवळच्या खेड्यातल्या त्या. मराठी बोलताना मधूनच कन्नड यायचं. झीनतला बघून म्हणाल्या, "बा, कुंद्रु," आणि हातानंच खुर्ची दाखवली. मग झीनतच्या पिशवीतला लुगड्याचा तुकडा त्यांच्या नजरेला पडला.

"ते कुणी काढलं पेटीतनं?"

"मी, अव्वा," अंकिता म्हणाली.

"कुणाला इचारून? माझ्या हातचं काम लोकांच्या हातात द्यायला मी मेले का?"

अंकिताचे डोळे भरले. झीनतला उठून जावंसं वाटलं, पण ती उठली नाही. तिनं रुमाल उलगडला आणि चंद्रव्वांच्या उजव्या हाताशी ठेवला. "तुमचं काम तुम्हालाच द्यायला आलेय, आज्जी. एक फेर तेवढा मी घातलाय, तो बघा आणि काय ते सांगा."

चंद्रव्वांनी बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते दिसत होतं. पण विणणाऱ्या माणसासमोर वीण आली की डोळे ऐकत नाहीत. त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली. एकदा, दोनदा. मग रुमाल डोळ्यांजवळ नेला.

"हे कुणी घातलं?"

"मी."

"कोणच्या हातानं?"

"डाव्या."

"तू डावरी हाईस?"

"नाही. चार दिवस शिकत होते."

चंद्रव्वा तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठाची एक बाजू हलली. "लई ढिलं हाय," त्या म्हणाल्या. "म्हशीला दावं बांधल्यावानी." आणि त्या हसल्या. नंतर अंकितानं सांगितलं, श्रावणानंतर अव्वा पहिल्यांदा हसली.

मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. लहानपणी डावा हात पुढं केला की बापाची चापट बसायची. जेवण, लिहिणं, झाडणं, देवाला फूल वाहणं, सगळं उजव्यावर आणलं. नऊ वर्षांच्या असताना शाळेतल्या मास्तरांची बायको दारात बसून रुमाल विणायची, त्या समोरच्या पायरीवर बसून बघायच्या. "आरशात बगितल्यावानी समोर बसून शिकले. तिचा उजवा, माझा डावा. बापाला कळलंच न्हाय, त्याला वाटलं हे असंच असतंय." त्यांनी मांडीवरच्या हाताकडं बघितलं. "साठ वर्सं ह्यो हात माझा होता बग. बाकी सगळं लोकांचं. आता ज्यो येतो त्यो म्हणतो, डावा गेला, बरं झालं. काय बोलू मी त्यास्नी?"

अंकिता पलंगाच्या कडेला येऊन बसली आणि तिनं तो निर्जीव हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. स्वयंपाकघरात शेंगा भाजल्याचा वास येत होता.

झीनतनं खुर्ची ओढली आणि ती चंद्रव्वांच्या बरोब्बर समोर बसली. "आज्जी, मला डावा शिकवा. आणि उजवा मी तुम्हाला शिकवते. असंच समोरासमोर."

"येडी का काय. ह्या वयात?"

"मी तरी कुठं लहान आहे?"

झीनत निघाली तेव्हा चंद्रव्वा म्हणाल्या, "त्यो फेर उसव. आन् बुधवारी ये."

झीनत बुधवारी गेली, शनिवारी गेली, पुन्हा बुधवारी गेली. विजापूर वेशीपासून रिक्षा बदलून जावं लागायचं, पण तिला त्याचं काही वाटेनासं झालं. चंद्रव्वा मास्तरणीसारख्या बसायच्या. "करंगळीला दोन वळसे घे. ओढू नको, दोरा आपसूक येऊ दे. मनगट न्हाय, बोट हलीव." दुसऱ्या आठवड्यात झीनतचा फेर आवळून बसायला लागला. तिसऱ्या आठवड्यात चंद्रव्वा टीका करायच्या थांबल्या, ही त्यांची शाबासकी.

स्वतः मात्र त्या सुईला हात लावायला तयार नव्हत्या. एके दिवशी झीनतनं काही न बोलता जाड सुई आणि हिरवी लोकर त्यांच्या पलंगावर ठेवली आणि आपलं काम करत राहिली. पंधरा मिनिटांनी बघितलं तर चंद्रव्वांनी उजव्या हातात सुई धरली होती, लाटणं धरावं तशी. पण डाव्या हातात दोरा धरता येईना; बोटं उघडायची, पकड नव्हती. दोनदा लोकर खाली पडली. तिसऱ्यांदा त्यांनी सुई भिरकावली.

झीनतनं ती उचलून आणली. लोकरीचं टोक त्यांच्या डाव्या मनगटाभोवती सैलसर गुंडाळलं आणि खाली उशी सरकवली. "हात फक्त ठेवा. धरायचं काम मनगट करेल."

पहिली साखळी झाली तेव्हा घामानं त्यांचं कपाळ भिजलं होतं. दुसऱ्या दिवशी सहा झाल्या. पुढच्या बुधवारी झीनत गेली तर वीतभर लांब, कुठं जाड कुठं बारीक, हिरवी साखळी पलंगाच्या कठड्याला बांधलेली होती. "फेकू नको म्हणाली पोरगी," चंद्रव्वा पुटपुटल्या, पण नजर त्या साखळीवरच होती.

लग्नाच्या दहा दिवस आधी भिंगरी पुरी झाली. बाकी राहिली ती कडेची कमानीची झालर. झीनतनं रुमाल त्यांच्यापुढं ठेवला. "झालर तुमची. ती कुठल्याही दिशेनं घातली तरी चालते."

चंद्रव्वांनी आठ दिवस घेतले आणि पाव भाग केला. कमानी लहानमोठ्या होत्या, दोन तर चक्क एकमेकींत अडकलेल्या. झीनतनं त्या उसवल्या नाहीत. उरलेला पाऊण भाग तिनं एका दुपारी डाव्या हातानं संपवला, आणि डावा हात किती सहज चालतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

रुखवत मांडताना चंद्रव्वांनी बजावलं, "माझा भाग भिंतीकडं कर." अंकितानं मान हलवली आणि तो समोर केला. मांडवात चंद्रव्वा खुर्चीवरून सगळं बघत होत्या. टीपॉयकडं बघितलं, नातीकडं बघितलं, आणि शेजारच्या बाईला जेवणाचं विचारायला लागल्या. थोड्या वेळानं त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन पाहुण्यांना रुखवत दाखवत आला. एका पाहुण्यानं झालरीवर बोट ठेवून विचारलं, "हे जरा वेगळं दिसतंय?"

मल्लिकार्जुन म्हणाला, "ते आईनं केलंय. उजव्या हातानं." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ती डावरी आहे. मूळची."

पंगतीत बसलेल्या झीनतनं ते ऐकलं आणि ती चंद्रव्वांकडं वळली. त्या पदरानं डोळे पुसत नव्हत्या की काही नाही. ताठ बसून सरळ मुलाकडं बघत होत्या, खूप वर्षांनी कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारल्यासारख्या.

लग्नानंतरच्या बुधवारी झीनतला तिथं जायचं काही कारण नव्हतं. खिडकीखाली ऑर्डरीचा ढीग पडला होता. तरी अकराच्या सुमाराला तिनं भाकऱ्या झाकल्या आणि ती निघाली. जिन्यातच चंद्रव्वांचा आवाज आला.

"झीनतव्वा, उशीर केलास. व्यायाम करून घ्यायला येती ती पोरगी, तिला सातवा लागलाय. टोपडं करायचं म्हणते मी. खांब कसा घालायचा उजव्यानं, त्ये आज सांग."

"आधी अर्धा खांब," झीनत चपला काढत म्हणाली. "तो आल्याशिवाय पुढं नाही."

"लई कडक हाईस की."

"तुमच्याकडनंच शिकले," झीनत म्हणाली, आणि खुर्ची ओढून समोर बसली.