शान लेई कसा दाखल झाला

प्रफुलला जाऊन चौऱ्याण्णव दिवस झाले होते. त्या दिवशी सकाळी सात वाजून बत्तीस मिनिटांनी त्याच्या सैन्यात शान लेई नावाचा सरदार दाखल झाला.

कुलदीपने मोबाइलची काच शर्टाला पुसली आणि पुन्हा पाहिले. नोंद तशीच होती. शान लेई म्हणजे पुराच्या पाण्यात एकट्याने बांध अडवून धरणारा भालाईत. प्राचीन चीनमधल्या राज्यांच्या त्या खेळात असे दीडशे नामांकित योद्धे होते. कुणाला घोडे पाठवून, कुणाला रेशीम देऊन आपल्या पदरी आणायचे आणि त्यांची निष्ठा सांभाळायची. प्रफुल वर्षभर शान लेईच्या मागे होता. तो काही बधला नव्हता.

कुलदीप चामोर्शीजवळच्या एका राइस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन होता, भौतिकशास्त्रातला बीएस्सी; प्रफुल त्याच मिलमधला कामगार. मेलेला माणूस खेळत नाही, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणजेच जिवंत माणूस खेळत होता, आणि कुलदीप घाबरला तो याच निष्कर्षाने. भूत असते तर एक वेळ परवडले असते. भुताला साक्ष देता येत नाही.

नव्वद दिवस कुणी फिरकले नाही तर खेळ ते खाते पुसून टाकी, आणि खात्यासोबत आतले संभाषणही. कुलदीपने स्वतःच्या मोबाइलवरचे संभाषण पहिल्याच संध्याकाळी पुसले होते. प्रफुलच्या बाजूचे पुसणे त्याच्या हाती नव्हते. म्हणून तो दिवस मोजत बसला होता. वर चार दिवस सबुरीचे धरून, खाते गेल्याची खात्री करण्यासाठी त्याने आज खेळ उघडला होता. मधल्या काळात स्वतःचे खाते टिकवण्यापुरता तो एकदाच, रात्री उशिरा, उघडून लगेच मिटला होता.

"पोहे वाळून राह्यले," त्याची बायको रश्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "चिनी सरदार भरडून देनार हाय का मिलमंधले धान?"

"खातो ना."

"तोंड पाहा कसं झालं तुमचं. ताप हाय का?"

"नाई," तो म्हणाला, आणि पोहे तसेच ठेवून निघाला.

पुढले तीन दिवस त्याने निरीक्षण केले. प्रफुलच्या नावापुढला हिरवा ठिपका रोज साडेसातच्या सुमारास लागे आणि दोन-तीन मिनिटांत विझे. एकही लढाई नाही. फौज जागची हललेली नाही. धान्याची कोठारे भरून वाहत होती, त्यांना कुणी हात लावला नव्हता. एकाही सरदाराची निष्ठा मात्र घसरली नव्हती. खेळणारा माणूस खेळत नव्हता; येत होता आणि जात होता. असा माणूस एक तर खेळ न समजणारा असतो, नाही तर कशाची तरी वाट पाहणारा. दुसऱ्या शक्यतेने कुलदीपची झोप उडाली. मिलच्या फाटकाशी अनोळखी मोटारसायकल दिसली तरी तो आतल्या बाजूला सरकू लागला.

चौथ्या दिवशी सकाळी तो प्रफुलच्या घरी गेला.

प्रफुलचे वडील सोमाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. माजरीच्या कोळसा खाणीत एकतीस वर्षे हजेरीबाबू राहिलेला हा माणूस अजूनही इस्त्रीचा सदरा घालूनच सकाळी बसे. मुलाचा मोबाइल मांडीवर होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"जयभीम, काका."

"जयभीम. ये बाप्पा. थांब जरा, एवढी हजेरी लावून घेतो."

त्यांनी तर्जनी उचलली, नेम धरला आणि दाबली. मोबाइलमध्ये नगारा वाजला.

"हे... काय करून राह्यले तुमी?"

"हजेरी! मोबाइल घरी आला चौथ्या दिवशी. दुसऱ्या रोजी सकाळीच घंटी वाजली. सारं इंग्रजी. आपली पोरगी नूतन नर्सिंगच्या सुट्टीत घरी होती, तिले म्हटलं वाच. तं म्हने, मालक नाई आला तं सरदार सोडून जाते, आन नव्वद दिवसांत नाव कटते." सोमाजींनी चष्मा वर सरकवला. "म्या म्हटलं, काऊन कटू द्याचं? एकतीस वर्स दुसऱ्याच्या पोरायची हजेरी लावली. गैरहजेरी लागून किती जनाचं नाव कटलं, ह्या हातानं कटलं. माह्या पोराचं नाई कटू देत."

"आन तो शान लेई?"

"कोन?"

कुलदीपने बोट ठेवून दाखवले.

"हा भालेवाला? हा तं आपोआपच आला. नव्वद हजेऱ्या भरल्या का एक सरदार बक्षीस, असं नूतन सांगत होती. पाय कसा हात जोडून उभा हाय. आमच्या खाणीत नव्वद दिवस सरके, एक बी खाडा न करता, भरले तं साधं शाबास कोनी म्हनत नवतं."

सोमाजी हसले. कुलदीपलाही हसू फुटले, छातीतली हवा एकदम सुटावी तसे. पाचव्या दिवसापासून चौऱ्याण्णवाव्यापर्यंत नव्वद. हिशेब बरोबर होता.

"आता आलाच हाय तं एक काम कर," सोमाजी म्हणाले. "इथी कोपऱ्यात लाल ठिपका हाय. परवा चुकून दाबला तं तुह्यं आन त्याचं बोलनं निघालं, दोघायचे फोटो होते. आखरीचं असन. अक्षर इंग्रजी, मले लागत नाई. इतवारी नूतन येते, तिच्याकडून वाचून घेतो म्हटलं होतं. तूच वाच."

मोबाइल कुलदीपच्या हातात आला. त्याला वाचायची गरज नव्हती. साऱ्या ओळी पाठ होत्या. खेळातलेच आहे, काका, एवढे म्हटले असते तरी चालले असते. ठिपक्यावर बोट दाबून धरले असते तर तेवढ्यात पुसलेही गेले असते. मिलच्या चौकशीच्या कागदावर लिहून झाले होते की कामगाराने ओल्या हातांनी बटन दाबल्याने शॉक बसला. चूक त्याची स्वतःची. त्या कागदावर, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरची मोटर ठीक होती, अशी कुलदीपची सही होती.

"तो कागद म्या रोज वाचतो," सोमाजी दुसरीकडे पाहत म्हणाले. "तो मराठीत हाय ना. ओले हात म्हनते. लहानपनापासून बटन दाबाच्या आंधी हात सदऱ्याले पुसे माहा पोरगा. मंग त्याच दिवशी काऊन नाई पुसले? मले एवढंच कोनी सांगत नाई."

कुलदीपने वाचायला सुरुवात केली. आवाज आपला नाही असे त्याला वाटले.

"'तू फोन उचलून नाई राह्यला म्हनून इथी लिहतो. एलिव्हेटरच्या मोटरले हात लावला का झिनझिन येते. येऊन पाय.'" तो थांबला. "हे त्याचं. खाली माह्यं हाय. 'किल्ला पडू दे. उद्या पायतो. तवरक चप्पल घालून काम कर.'"

समोरच्या रस्त्याने धानाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला.

मग सोमाजी उठले, आत गेले आणि रेघांची वही व पेन घेऊन आले.

"लिहून दे," ते म्हणाले. "मराठीत. आंधी तारीख टाक."

कुलदीपने तारीख टाकली. पेन घामाने निसटत होते; त्याने बोटे घट्ट केली.

'अपघाताच्या दोन दिवस आधी मी एलिव्हेटरची मोटर बदलली. अर्थिंगची तार जोडायची माझ्याकडून राहिली. मोटरमधून वीज उतरत असल्याचे प्रफुलने आदल्या दुपारी मला कळवले. मी तेव्हा मोबाइलवर खेळत होतो. मी गेलो नाही. प्रफुलचा मृत्यू न जोडलेल्या तारेमुळे झाला. त्याचे हात ओले होते की कोरडे, हे कुणीही पाहिलेले नाही.'