तामड्याच्या थरातले भूत

हेमंताची थकलेली, केशरी उन्हे सड्याच्या पठारावरून उतरत होती. कातळ तांबूस झाला होता, वाळले गवत सुवर्णवर्णी. त्या मावळत्या उजेडात इरावतीने संगणक उघडला, आणि पडद्यावर पृथ्वीचे उदर उघडले.

वर पाटीचा कृष्णश्यामल दगड. त्याखाली अभ्रकाने चमचमणारा शिस्ट, त्यात रक्तबिंदूंसारखे तामड्याचे खडे. त्याहीखाली पट्ट्यापट्ट्यांचा, मौनगंभीर नीस.

निरंजन भूगर्भशास्त्र शिकवायचा. संगणकावरच्या खेळातला हा पाताळकिल्ला नवराबायकोने मिळून खोदला होता. "हे सगळे खडक भाजले, दबले, आणि वेगळेच होऊन बसले," तो सांगायचा. ती हसायची, बुटक्या खाणकऱ्यांना पुढे धाडायची. त्यांतल्या एकाला तिने त्याचेच नाव दिले होते.

चैत्रात निरंजन गेला. भाद्रपदात एकटीच खेळताना तिने चुकून आधाराचा खांब काढला. शिस्टचे छत कोसळले, आणि तो इवला निरंजनही दगडाखाली गेला.

त्या खेळात, ज्याच्या नावाची शिळा कोरली जात नाही, त्याचे भूत होते.

तेव्हापासून ते फिरत होते. धूसर, धूम्रदेही, पाऊल न वाजवणारे. या दालनातून त्या दालनात, या दारातून त्या दारात. शिळा कोरायला सांगणे एवढेच तिच्या हाती होते. तिने सांगितले नव्हते. रोज सांजेला ती त्याला बघायला येई.

धाकटी नणंद मृदुला चहा घेऊन आली, खुर्चीमागे थांबली.

"वहिनी, ही बाकीची माणसं अशी का पळतायत?"

"त्याला बघून. जेवत नाहीत, झोपत नाहीत."

"मग शिळा का नाही कोरत?"

"कोरली की तो जाईल."

मृदुलेने चहाचा पेला तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "आपल्याला बघून कुणी घाबरलेलं दादाला नसतं गं आवडलं."

इरावतीने संगमरवर निवडला. शुभ्र, शीतल, नीसच्या कुशीतला. शिल्पकाराची छिन्नी चालू लागली. अक्षर उमटले, मग दुसरे, मग तिसरे. दाराशी धूसर आकृती थबकली, विरळ झाली, विरळतर झाली. आणि दार नुसतेच दार उरले.

बुटके एकेक करून आपापल्या अंथरुणांकडे वळले. मृदुलेच्या कुशीत तोंड लपवून इरावती, चैत्रानंतर प्रथमच, मोकळी रडली. बाहेर सड्यावर अंधार उतरत राहिला, निळा, मऊ, निःशब्द.