खिंडीतलं सरपण

गार्थ माझा नवरा होता. आता नाही. शर्यतीत तो माझ्या पुढे होता आणि मला त्याचा नेहमीसारखाच राग येत होता. अलास्काच्या या किनाऱ्यावर भर हिवाळ्यात जाड चाकांच्या सायकली घेऊन आम्ही दरवर्षी मरायला निघतो. लोक याला छंद म्हणतात.

सकाळी ओला बर्फ पडत होता. मग वारा फिरला आणि थंडी हाडात शिरली. बर्फात रुतू नयेत म्हणून हवा सोडून सोडून चाकं पार लिबलिबीत केली, तरी रुतायची. म्हणजे सायकल चालवणं कमी, ढकलणंच जास्त. खिंडीखालच्या ओढ्यावर गोठलेल्या थरावर पाणी चढलं होतं आणि त्या पाण्यावर ताजा बर्फ. वरून बघाल तर सपाट वाट. माझा डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत गेला. आमच्याकडे ओला पाय म्हणजे गेलेला पाय.

पण वर खिंडीत खोपटं आहे. आसपास औषधालाही झाड नाही, सरपण गावातून बर्फगाडीवर येतं. म्हणून नियम एकच. निघताना शेगडीत काटक्या-ढलप्या रचून ठेवायच्या, नुसती काडी ओढायची बाकी ठेवायची, आणि शेजारी रात्रभराचं सरपण. दारुडेसुद्धा हा नियम पाळतात.

मी शेगडीचं दार उघडलं. आत राख होती, अजून कोमट. सरपणाचा कोपरा झाडून काढल्यासारखा रिकामा. बाहेर चाकांचा एकच माग होता, आणि तो कोणाचा हे मला कोणी सांगायला नको होतं.

तोंडाला येतील त्या शिव्या देत मी कुऱ्हाडीने बाक फोडला. मग फळ्या, मग टेबल. पाय अजून गोठला नव्हता, बधिर झाला होता. शेकता शेकता त्यात जीव आला तेव्हा मी कळवळून ओरडले. पाय वाचला. बूट सुकायला टांगला, तेवढ्यात दार ढकलून गार्थ आत पडला.

खिंडीपलीकडच्या ओढ्यात तो सायकलसकट गेला होता आणि तिथून चालत मागे फिरला होता. झोपायची पिशवीही भिजलेली. विजार गोठून पत्र्यासारखी वाजत होती.

"सरक, लोर्ना. शेगडीपाशी येऊ दे."

"सरपण कुठंय?"

"आत्ता ते काढू नकोस गं."

"कुठंय?"

"जाळलं." त्याचे दात वाजत होते. "तू मागेच होतीस ना. म्हटलं, बसेल तासभर कुडकुडत, तेवढंच अंतर वाढेल. आता फाशी देतेस का?"

मी त्याच्या बुटाच्या नाड्या कापल्या. दोन्ही पावलं घोट्यापर्यंत पांढरीफटक. बोटाने टकटक केलं तर लाकडासारखा आवाज आला. तो सरपटत शेगडीकडे निघाला तशी मी त्याचे पाय ओढून मागे घेतले.

"वेडी झालीस का?"

तो आत आला तेव्हाच मी खिशातल्या यंत्रावरून, उपग्रहामार्फत, मदतीचा निरोप पाठवला होता, त्याचं उत्तर आलं. मी त्याच्यासमोर धरलं. वर वाट बुजली आहे, बर्फगाडी खिंडीच्या पायथ्यापर्यंतच येईल.

"चालत उतरायचंय तुला," मी म्हटलं. "गोठलेल्या पायांनी उतरशील. शेकलेस तर दुखून जमिनीला टेकवता येणार नाहीत, आणि वाटेत पुन्हा गोठले तर कापतील. हे तूच मला शिकवलंस."

"मग इथेच राहू! उद्या येतील ते!"

"कशावर? या शेवटच्या दोन फळ्या. त्या विझल्या की आत-बाहेर सारखंच."

त्याला कळत होतं. तरी तो भांडला, हात जोडले, मग माझ्या आईवरून बोलला. "सूड उगवतेयस तू!"

"सूड उगवायचा असता तर शेकू दिलं असतं."

माझा बूट सुकेपर्यंत मी शेगडी आणि त्याच्या मधे बसून राहिले. माझ्याकडचे कोरडे मोजे त्याच्या पायांत चढवले, वरून त्याचेच बूट दोरीने बांधले, त्याला काहीच जाणवलं नाही. तो जाळाकडे बघत रडत होता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्याच्या पायांसाठी वाईटही वाटत होतं, पण त्याच्यासाठी नाही.

मग त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि दार उघडलं.