उरली पानं तीनशे अकरा

अंगावर घेतलेलं काम माणसाने मरेपर्यंत सोडू नये, असं रामदास मांजरेकरचं ठाम मत होतं. हे मत त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर होतं, आणि गिरगावातल्या प्रकाशकाने काढायला सांगितलेलं पहिलं पान तेच होतं.

"हे काढा," प्रकाशक म्हणाले, "आणि असं काढत काढत तीनशेवर या. चारशे ऐंशी पानं कोण वाचणार? तीनशे करून आणा, छापतो."

रामदास परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होता. दुसरे किती उशिरा आले हे लिहिण्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. पुस्तक त्याच्या बापाचं होतं. धोंडू मांजरेकर चाळीस वर्षं मागावर उभा राहिला आणि आता छातीत कापूस घेऊन खोलीत पडून होता. त्याने सांगायचं, रामदासने लिहायचं. धोंडूला अक्षर येत नव्हतं.

"वाचूक नको माका," तो म्हणायचा. "छापलेला नुसता हातात दी. वजन बघीन."

म्हाताऱ्याच्या हयातीत ते व्हायला हवं होतं. घाई तेवढीच.

पण रामदासने पान वाचून 'हे काढतो' म्हटलं की धोंडू खोकला आवरून उठून बसायचा. "ह्या गुणाजीचा पान. त्येका पोरबाळ नाय. काढलंस तर त्येची आठवण कोण काढतला?" पान राहायचं. शिवाय गुणाजीची आणखी एखादी हकिगत निघायची, ती वेगळी. पहिल्या वर्षात तीस पानं गेली आणि एकवीस वाढली.

शेवटी रामदासने स्वतःलाच वेसण घालायचं ठरवलं. त्यांच्या लालबागच्या चाळीच्या दारात एक फळा होता. पाणी कधी जाणार, कोण वारलं, सभा कुठे, हे चाळीचा सेक्रेटरी कुशाबा शिर्के रोज सकाळी त्यावर खडूने लिहायचा.

"कुशाबा, खाली कोपऱ्यात माझी उरलेली पानं लिहीत जा. चारचौघांनी बघितलं की मला लाज वाटेल."

"तुला? लाज?" कुशाबाने खडू फुंकला. "लिहितो. पण रोज विचारणार, खाडा नाही. आणि आकडा खरा पाहिजे. माझ्या फळ्यावर आजवर खोटं आलेलं नाही."

इलाज लागू पडला. नळावर जाईबाई अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशी विचारायची, "काय टाइमकीपर, काल एकच? पानं कापताय की नखं?" रामदास बापाला वाचून न दाखवताच कापू लागला. नऊ महिन्यांत चारशे एकाहत्तरची तीनशे चोवीस झाली. मग मात्र गाडी अडली. उरलेल्या प्रत्येक पानावर कोणीतरी मेलेला माणूस उभा होता, आणि त्याला उभं राहायला जगात दुसरी जागा नव्हती.

जानेवारी छप्पन उजाडला. फळ्यावर वरच्या बाजूला सभा, मोर्चे, हरताळ यांची गर्दी झाली. मुंबईचं काय होणार हा प्रश्न होता. खालच्या कोपऱ्यात तीनशे चोवीस तसेच.

"बोल," एका सकाळी कुशाबा म्हणाला. त्याला नाक्यावरच्या सभेची घाई होती. "वीस दिवस एकच आकडा गिरवतोय रे. आता खडू लाजायला लागला."

"तीनशे अकरा," रामदास म्हणाला. एकही पान कापलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

"तेरा! एका दिवसात?" कुशाबाने त्याच्या पाठीत थाप मारली. "अरे, मग अकराच राहिली की! म्हाताऱ्याला सांग जा." त्याने आकडा मोठ्ठा काढला, खाली दोन रेघा ओढल्या, लेंग्याला हात पुसले आणि गेला.

दुपारी नाक्यावर पोलिसांचा गोळीबार झाला. कुशाबाला मानेत लागली. तो घोषणा देत नव्हता. पुढच्या सभेची वेळ कागदावर उतरवून घेत होता.

कुशाबाचं तेरावं झाल्यावर रामदास त्याच्या बायकोकडे, बकुळावैनींकडे गेला. फळा अजून कोणी पुसला नव्हता.

"वैनी, तो आकडा मी खोटा सांगितला होता. तीनशे चोवीस होती. जरा पुसून..."

"पुसायचं नाही, भावोजी. त्यांचं शेवटचं अक्षर आहे ते."

"पण खोटं आहे."

बकुळावैनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा बाजूला टाकला. "मग खरं करा. तेरा पानंच ना? ते खोटं लिहून गेले, असं नको."

चार दिवसांत रामदासने तेरा पानं काढली. त्यात गुणाजी गेला. या वेळी त्याने ती बापाला वाचून दाखवली. धोंडूने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

आकडा खरा झाला, आणि काम थांबलं. आणखी एक पान काढलं असतं तर कुशाबाचं अक्षर पुन्हा खोटं पडलं असतं. रामदासने लेखणी खाली ठेवली.

चाळीने पाणी आणि मयतीसाठी शेजारी नवा फळा टांगला.

"अरे, त्या नव्यावर लिही की तीनशे दहा," जाईबाई म्हणाली.

"आणि जुन्यावर?"

"जुना काय बोलायला येतोय?"

जुना रोज सकाळी कामावर जाताना रामदासशी बोलत होता.

वर्षश्राद्धाला एक पुढारी आले. त्यांनी फळ्याला हार घातला आणि आकडा कसला म्हणून विचारलं. कोणीतरी म्हणालं, उरलेली पानं. पुढाऱ्यांनी 'लढ्याची उरलेली पानं' या विषयावर पाऊण तास भाषण केलं. रामदास शेवटच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता.

धोंडू अठ्ठावन्न साली गेला.

"किती रवली रे?" आदल्या दिवशी त्याने विचारलं.

"अकरा."

"गेल्या वर्साकय अकराच होती."

रामदासने हस्तलिखिताचा गठ्ठा उचलून बापाच्या हातांवर ठेवला. धोंडूने तो जरा तोलला, अंगठ्याने कड चाचपली आणि परत दिला. "ह्या पुस्तक नाय," तो म्हणाला. "ह्ये कागद."

साठच्या एप्रिलमध्ये, राज्य मिळणार म्हणून चाळीने रंगरंगोटी काढली. बकुळावैनी तोवर शीवला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. रंगाऱ्याला सगळं नवंकोरं दिसलं पाहिजे, एवढंच सांगितलेलं होतं. त्याने जुन्या फळ्यावर काळ्या रंगाचे दोन हात मारले आणि वर पिवळ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' काढलं. चाळीला छान वाटलं. जाईबाई तेवढी म्हणाली, "अगो बाय, इथे कायतरी होतं ना?"

त्या रविवारी रामदासने एका बैठकीत अकरा पानं काढली. अडवायला कोणी नव्हतं. तीनशे पानं दोनदा मोजली, धुतलेल्या फडक्यात बांधली आणि तो गिरगावात गेला.

प्रकाशकांनी पुस्तकं बंद केली होती. आता ते लग्नपत्रिका छापत. त्यांनी रामदासला ओळखलं, खुर्ची दिली, फडकं सोडून शेवटचं पान पाहिलं.

"अगदी बरोब्बर तीनशे?"

"मोजून."

"अहो," प्रकाशक म्हणाले, "तीनशे मी आपलं अंदाजाने म्हटलं होतं. दहा-वीस पानं इकडे-तिकडे चालतात."