बयाबाई बरोबर शून्य

"बयाबाई लाल, लहानू लाल, चिमाजी लाल," दीपमाला शेजारच्या खुर्चीत पुटपुटत होती. "नवसाबाई तेवढी सुटली. आता मी काय यांच्या घरी जाऊन यांचं बारसं परत करू?"

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. आमच्या ऑफिसात पुटपुटणाऱ्याकडे बघितलं की त्याचं काम आपल्याला चिकटतं.

"वत्सलाताई, ऐकू येतंय तुम्हाला. टायपिंग थांबलंय तुमचं."

ऐकू येतच होतं. शिवाय ती काय म्हणतेय हे कळणारी ऑफिसात बहुधा मी एकटीच होते.

पाथर्डी फाट्याला प्लायवूडच्या दुकानावर आमचं ऑफिस. कांद्याच्या व्यापाऱ्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. ट्रॅक्टर आला, माल तोलला, हमाली-तोलाई वजा झाली, शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी पडली, एवढंच काम. पण ते बिनचूक व्हावं लागतं, कारण कांदा नसतानाही डोळ्यात पाणी आणणारी माणसं दोन्ही बाजूंना उभी असतात. कंपनी भारतसरांची. सर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर होते. नोकरी सोडली आणि मेव्हण्याच्या विंचूरच्या खळ्यासाठी, म्हणजे कांदा उतरवून घ्यायच्या जागेसाठी, घरी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी पहिला प्रोग्राम लिहिला. तो अजून चालतो. त्याला आम्ही मूळ फाईल म्हणतो. बाकी जे काही आम्ही सगळे मिळून करतो, ते तिच्या कडेवर बसलेलं असतं.

आता प्रोग्राममध्ये प्रत्येक आकड्याला नाव द्यावं लागतं, म्हणजे पुढे त्याला हाक मारता येते. सरांनी घरच्यांची नावं दिली. एकूण रकमेचं नाव बयाबाई, कारण त्या सरांच्या आई, आणि मखमलाबादच्या मळ्यातली फुलं बाजारात विकताना सगळी बेरीज त्या तोंडी करायच्या. हमाली म्हणजे लहानू, धाकटे चुलते. तोलाई म्हणजे चिमाजी, मोठे. नवसाबाई म्हणजे उरलेली बाकी. का, ते विचारायची सोय नाही. फाईलीची पहिलीच ओळ 'बयाबाई बरोबर शून्य' अशी आहे. बेरीज शून्यापासून सुरू करायची, एवढाच तिचा अर्थ. पण नवीन माणूस ती वाचून मागे वळून बघतो, सर कुठे आहेत ते.

मी इथे फोन घ्यायच्या कामावर लागले होते. भाजी निवडता निवडता मोबाईलवरचे व्हिडिओ बघून प्रोग्रामिंग शिकले. सरांच्या घरी माझं हळदीकुंकवाला येणं-जाणं, म्हणून त्यांचं अख्खं गोत मला पाठ. त्यामुळे मूळ फाईलीत अडकलेली पोरं माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना पत्रिकेतल्या ग्रहांसारखं कोण कुणाचा कोण ते सांगते.

मग पुण्याहून शेखर आला. टीम लीडर. आल्या आल्या म्हणाला, कोड असा हवा की कुणीही उघडावा आणि गोष्टीसारखा वाचावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यासाठी नियमावली हवी, म्हणून समिती नेमली. माझा डबा नेहमी नीट लावलेला असतो, या पात्रतेवर मीही समितीत.

पहिले काही महिने ओळ आत सरकवायची ती टॅबने की स्पेसने, यात गेले. खिडकीकडची माणसं टॅबवाली, दाराकडची स्पेसवाली. चहा वेगळा व्हायला लागला. शेवटी ठरलं की दोन्ही चालेल, मात्र आधीच्या माणसाने जे वापरलं असेल त्याचा मान राखावा. प्रत्येक फंक्शनवर टीप लिहावी असा नियम झाला, तेव्हा यादवने सगळ्या फंक्शनांवर 'हे फंक्शन आहे' असं लिहिलं आणि दुपारी दोनला मोकळा झाला. प्रत्येकाचा कोड दुसऱ्याने वाचून शेरा द्यावा, असाही नियम झाला. शेरे इतक्या भराभर यायला लागले की एकदा फाईल चढवायच्या आधीच ओमने 'बघितलं, छान' असं लिहिलं. नियमावली लॅमिनेट करून पाण्याच्या फिल्टरशेजारी टांगली. पहिलाच नियम: नाव असं द्या की आत काय आहे ते नावावरून कळावं.

नियम पाळले की नाही ते बघायला शेखरने एक प्रोग्राम बसवला. तपासनीस. चुकीच्या ओळीखाली तो लाल रेघ मारतो आणि गुण कापतो. नवीन माणूस पक्का होणार की नाही, ते त्या गुणांवर.

साहजिकच शेखर मूळ फाईलीकडे वळला. उत्साही माणूस. एका सकाळी त्याने बयाबाई काढून तिथे 'एकूण' लिहिलं. सर चहाचा कप घेऊन त्याच्या मागून चालले होते. थांबले. स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाले, "आई कुठे गेली?"

बयाबाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते.

सर हसत म्हणाले होते, हे खरं. पण दुपारी जेवायच्या आत बयाबाई परत जागेवर होत्या, आणि नियमावलीत शेवटचं कलम आलं: मूळ फाईलीस वरील नियम लागू नाहीत. तेव्हापासून ती फाईल फक्त खंडेनवमीला उघडतो. मोठ्या स्क्रीनवर बयाबाईंची ओळ येते, आम्ही स्क्रीनला हळदीकुंकू लावतो, वर झेंडूचं फूल चिकटपट्टीने लावतो, आणि पेढे खाऊन ती बंद करतो.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण विंचूरचे एक शेठ रोज फोन करायला लागले.

"म्याडम, एका ट्रॅक्टरचा माल दोन खळ्यांवर टाकला की तुमचं मशीन हमाली दोनदा कापतं. शेतकरी पट्टी माझ्या तोंडासमोर नाचवतो. मी हाय का चोर?"

"नाही हो शेठ."

"मग छापा तसं पट्टीवर."

चूक मूळ फाईलीत होती. ऑफिसातल्या शहाण्या माणसांनी आपापली कामं किती महत्त्वाची आहेत ते सांगितलं आणि तक्रार घरंगळत सगळ्यात नवीन माणसाकडे गेली. दीपमाला. सुरगाण्याची. सहा महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर. पक्की झाली तर इंदिरानगरात खोली घेऊन धाकट्या बहिणीला कॉलेजसाठी आणणार होती. नाही झाली तर दोघी घरी. हे तिने मला एकदाच सांगितलं होतं, डब्यातली नागलीची भाकरी अर्धी माझ्याकडे सरकवताना.

आता गंमत बघा. मूळ फाईल नियमांतून सुटलेली, पण तिच्यात नवीन घातलेली ओळ सुटलेली नाही. आणि नवीन ओळ बयाबाई, लहानू, चिमाजी यांचं नाव घेतल्याशिवाय चालूच शकत नाही. म्हणजे दुरुस्ती केली की गुण गेले. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर ती तक्रार घरंगळत आली होती.

"नवसाबाई कशी सुटली पण?" मी शेवटी तिच्या स्क्रीनकडे खुर्ची वळवली.

"तिला मी हातच लावला नाही." दीपमालाने एका ओळीवर बोट ठेवलं. "ताई, हा नाथा कोण?"

नाथा मला माहीत नव्हता. सरांच्या गोतात मी नाथा ऐकलाच नव्हता. ओमचं म्हणणं होतं तो ओल्या मालाची घट. यादव म्हणायचा बारदान, रिकाम्या पोत्यांचं वजन. शेखरच्या मते तो असून नसल्यासारखा, पण काढून बघायची त्याची तयारी नव्हती.

"हमाली दोनदा लहानू कापत नाही," दीपमाला म्हणाली. "दुसऱ्यांदा नाथा कापतो. हा कोण ते कळल्याशिवाय मी त्याला काढू कशी?"

"सरांना नको विचारूस."

"का?"

"त्यांना वाटेल, आपल्याला त्यांची फाईल कळत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी टायपिंग सुरू केलं.

शुक्रवारी तिला पक्कं करायचं की नाही याची बैठक होती. सर, शेखर, दीपमाला, आणि समितीची म्हणून मी. शेखर वाईट माणूस नाही. गुण वाचताना त्याने आवाज खाली आणला होता, डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसा.

"काम मेहनतीचं आहे. पण नावांच्या नियमात फारच गुण गेलेत. पास होण्याइतके उरत नाहीत. माझा इलाज नाही सर, तपासनीस सगळ्यांना सारखाच आहे."

"कुठली नावं?" सरांनी विचारलं.

शेखरने पाण्याची बाटली उघडली आणि परत बंद केली. "म्हणजे... जुन्या पद्धतीची."

"जुनी म्हणजे?"

खाली प्लायवूड कापायचं मशीन सुरू झालं, थांबलं. मी म्हणाले, "सर, ती पोरगी नवीन आहे, आपण मुदत वाढवून देऊ."

"आणि विंचूरची तक्रार मिटली?"

"नाही सर," दीपमाला म्हणाली. "ती मिटवायची तर मला एक विचारायचंय. वत्सलाताई नको म्हणाल्या होत्या."

मी टेबलाच्या कडेचं लाकूड बारकाईने बघितलं.

"विचार की."

"नाथा कोण?"

सरांनी चष्मा लावला. लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला तिने. सर वाचायला लागले, आधी डोळ्यांनी, मग ओठ हलवत, मग ओळीखाली बोट धरून. लहानूमधून चिमाजी वजा, त्यात नाथा, नाथा दोनापेक्षा मोठा असेल तर परत वर जा. सर परत वर गेले. खाली आले. पुन्हा वर गेले.

"आमच्यात नाथा कुणी नव्हता," ते म्हणाले.

"शेजारी वगैरे?" शेखरने आशेने विचारलं.

"नाही रे." ते बराच वेळ फाईलीत वर-खाली सरकत राहिले. मधे एकदा बयाबाईंच्या ओळीवर थांबले. मग चष्मा काढून त्यांनी शर्टाला पुसला, आणि पुसतच राहिले.

"ही चूक तुला इथे सापडली ती कशी?" त्यांनी दीपमालाला विचारलं.

"एकेक ओळ चालवून बघितली. वाचून नाही."

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि शेखर, तू ही वाचलीस तेव्हा काय केलंस?"

शेखर लाल झाला. "सर, मी त्या फाईलीला अपवाद करून ठेवला."

"वत्सलाबाई, तुम्ही?"

"मी नाती सांगते सर. पुढचं नाही सांगत."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर लावला, लॅपटॉप अलगद दीपमालाकडे सरकवला.

"दरवर्षी तुम्ही या फाईलीला हळद लावता," ते म्हणाले, "तेव्हा मला वाटायचं, तुम्हाला सगळ्यांना कळतंय, मीच म्हातारा झालोय. म्हणून बोललो नाही. ही मला कित्येक वर्षांत वाचता आलेली नाही. मलाच येत नाही त्यात या पोरीला काय म्हणून नापास करायचं? फाईल तिलाच नव्याने लिहू दे. त्यात आई नावात राहणार नाही, ते चालेल. आईने केलेला हिशेब समोरच्या गिऱ्हाइकाला तरी कळायचा. हा कुणालाच कळत नाही."